कुड्याची साल आणि उसना श्वास



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ‘नत्रयुक्त स्टेरॉइडांचा इतिहास’ हा विषय एखाद्या रसायनशाळेत शोभावा. तो वसंत व्याख्यानमालेत, आणि तोही एका युनियनवाल्याच्या तोंडी कशाला? उत्तर साधे आहे. माझी उमेदीची वर्षे औषधांच्या कारखान्यांतील कामगारांत गेली. पिंपांवर आणि पुड्यांवर जी नावे छापलेली असत ती वाचता वाचता त्यामागे काय आहे हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. ग्रंथालयात बसून, जाणत्यांना विचारून जे हाती लागले ते जोडीत गेलो. त्यातलाच एक धागा आज आपणापुढे उलगडायचा आहे. तो आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडापासून निघतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातो. वाटेत एक प्रश्न पुनःपुन्हा आडवा येतो: ज्याचा श्वास आपण थांबविला, त्याच्याजवळ जागे कोणी राहायचे?

ते झाड म्हणजे कुडा. कोकणात वा घाटमाथ्यावर राहिलेल्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस तो पांढऱ्या फुलांनी भरतो. त्या फुलांची भाजी आपण खाल्लेली आहे. संस्कृतात त्याला कुटज म्हणतात. कालिदासाच्या यक्षाने मेघाचे स्वागत केले ते या कुटजाच्या ताज्या फुलांनीच. वैद्यांना मात्र फुलांपेक्षा साल आणि बी महत्त्वाचे. बियांना इंद्रजव हे नाव आहे. अतिसार, आव, रक्ती आव यांवर कुड्याची साल हा आपल्याकडचा फार जुना उपाय. कुटजारिष्टाची बाटली अजूनही अनेक घरांतल्या फडताळात सापडेल. सोळाव्या शतकात गोव्यात राहून ज्याने इथल्या औषधींवर ग्रंथ लिहिला, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या पुस्तकात आवेवरच्या एका मलबारी झाडाचे वर्णन आहे. जाणकार ते कुड्याचेच मानतात.

या सालीत नेमके आहे काय, याचा पहिला शोध लागला तो आपल्या मुंबईत. १८५८ साली हेन्स नावाच्या रसायनज्ञाने कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत मिळणारा, अंगी नत्र असलेला, अल्कलीसारखा वागणारा पदार्थ. अफूतले मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन ही त्याची भावंडे. पुढे १८६४ साली लंडनच्या स्टेनहाउसने बियांतून तोच पदार्थ काढला आणि त्याला ‘राइटीन’ असे नाव दिले. हा घोळ बाजारातला होता. आपल्याकडे दोन कुडे आहेत: पांढरा आणि काळा. काळ्या कुड्याचे शास्त्रीय कुळनाव ‘राइटिया’. औषधी गुण पांढऱ्यात. पण व्यापारात दोन्हींची सरमिसळ होई आणि विलायतेला जाणाऱ्या मालावर भलतेच नाव पडे. हेन्सने १८६५ साली ‘कोनेसीन’ हे नाव सुचविले, आणि तेच टिकले. साल सोलणाऱ्या माणसाला पांढरा कुडा कोणता आणि काळा कोणता हे डोळे मिटून कळत होते. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.

कोनेसीनला त्या काळी महत्त्व का होते? आव हा गरिबाचा रोग. चाळीत, वसाहतीत, मळ्यावर, जिथे म्हणून पिण्याचे पाणी गढूळ आणि माणसे दाटीने राहत, तिथे तो हटकून येई. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने एमेटीनची सुई टोचून अमीबाजन्य आवेवर उपचार सुरू केले. ते गुणकारी होते, पण हृदयाला बाधणारे. म्हणून कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात अॅक्टन आणि चोप्रा यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांकडे नव्याने पाहिले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कुड्याच्या अल्कलॉइडांचे बिस्मथ व आयोडीनशी केलेले संयुग पोटातून देण्यात येऊ लागले. १९५०च्या दशकात शुद्ध कोनेसीनही दिले गेले. पण काही रोग्यांना त्याने झोप उडणे, भ्रम होणे असे त्रास झाले. पुढे १९६०च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि कुडा पुन्हा वैद्यांच्या पुडीत जाऊन बसला.

इथे कथा संपली असती. परंतु कुड्याच्या सालीने रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडे टाकले होते, आणि ते सुटता सुटता एक नवेच दार उघडले.

ते समजण्यासाठी स्टेरॉइड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकांना चिकटवून ठेवली आहेत अशी कल्पना करा. तीन कडी सहा सहा अणूंची, चौथे पाच अणूंचे. सामाईक अणू एकदाच मोजले तर एकूण सतरा. हा झाला स्टेरॉइडाचा सांगाडा. आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल, स्त्रीपुरुषांची संप्रेरके, पित्तातली आम्ले, या सर्वांची चौकट हीच. एकाच साच्याची चाळ, खोल्यांतले बिऱ्हाड तेवढे वेगळे! हा सांगाडा नक्की कसा आहे हे ठरायला फार वर्षे लागली. विंडाउस आणि वीलांड या जर्मन पंडितांना या विषयावर नोबेल पारितोषिके मिळून गेली, तरी त्यांनी मांडलेला आराखडा चुकीचा होता. १९३२ साली इंग्लंडात जे. डी. बर्नाल यांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून दाखविले की मानलेला आकार या रेणूला बसतच नाही. त्याच वर्षी खरा आराखडा पुढे आला. बर्नाल हे कामगार चळवळीचे कडवे पुरस्कर्ते होते. मोठमोठ्यांच्या आराखड्याला साध्या मोजमापाने आव्हान देणे त्यांच्या स्वभावातच असावे, असे मला आपले वाटते.

आणि १९३२ सालीच दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुझ्झमान सिद्दिकी आणि पिल्ले हे दोघे कुड्याच्या सालीतून एकामागून एक नवी अल्कलॉइडे वेगळी करून प्रसिद्ध करीत होते. हकीम अजमलखान यांच्या प्रोत्साहनाने उभी राहिलेली ती प्रयोगशाळा. तिथेच सिद्दिकींनी सर्पगंधेवरही काम केले. या सर्व अल्कलॉइडांचा सांगाडा स्टेरॉइडाचाच आहे हे हळूहळू उमगत गेले, आणि १९५०च्या दशकात इंग्लंडातील हॅवर्थ व इतरांच्या कामातून कोनेसीनची रचना पक्की झाली. चोवीस कार्बन, चाळीस हायड्रोजन आणि दोन नत्र. एक नत्र सांगाड्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. १९६२ साली अनेक प्रयोगशाळांनी कोनेसीन मुळापासून कृत्रिम रीत्या बनवूनही दाखविले.

नत्र कुठे बसला याला एवढे महत्त्व का? स्टेरॉइडाचा नुसता सांगाडा तेलकट असतो. पाण्याशी त्याचे जमत नाही. नत्राचा अणू मात्र पाण्यात धन विद्युत्भार घेऊ शकतो. त्याला आणखी एक कार्बनी गट जोडला की तो भार कायमचा होतो. म्हणजे ताठ, न वाकणाऱ्या फळीच्या दोन टोकांना दोन चुंबक बसविल्यासारखे झाले. फळी ताठ असल्यामुळे चुंबकांमधले अंतर बदलत नाही. शरीरातल्या एखाद्या ठिकाणी नेमक्या तेवढ्याच अंतराची जागा असेल, तर ही फळी तिथे जाऊन बसेल आणि वाट अडवील.

अशी जागा शरीरात आहे. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो, तिथे दोघांत बारीक फट असते. ‘आकुंचन पाव’ हा हुकूम मज्जातंतू ओरडून देत नाही, चिठ्ठी पाठवतो. ती चिठ्ठी म्हणजे अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य. स्नायूवर ती घेणारे ग्राही असतात. ग्राहीवर दुसरेच कोणी बसले तर चिठ्ठी पोचत नाही. स्नायू धड असतो, मज्जातंतू धड असतो, पण काम बंद पडते. संपाची उपमा मला मोहात पाडते, पण ती इथे लागू नाही. संपात कामगार आपल्या इच्छेने हात आखडतो, आणि इथे इच्छा असून हात हलत नाही.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासींना ही जागा फार पूर्वीपासून अनुभवाने ठाऊक होती. बाणाच्या टोकाला ते ‘क्युरारे’ नावाचे विष लावीत. शिकार पडे ती श्वासाचे स्नायू लुळे होऊन. १८१४ साली लंडनमध्ये ब्रॉडी आणि वॉटरटन यांनी एका गाढवीला हे विष टोचले. ती मेल्यासारखी पडताच तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने हवा भरण्यास सुरुवात केली. काही तास भाता चालला, विष ओसरले, गाढवी उठून उभी राहिली आणि पुढे १८३९ सालापर्यंत वॉटरटनच्या वाडीत सुखाने चरली. आजच्या व्याख्यानाचे सारे सार त्या भात्यात आहे. विष तेच होते. मरण टळले ते भाता चालविणाऱ्या हातांनी. पुढे १८५०च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून क्युरारे नेमके मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर वार करते हे दाखविले.

२३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडात मॉन्ट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत शुद्ध केलेले क्युरारे प्रथम वापरले. तोपर्यंत पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून भरमसाट भूल द्यावी लागे, आणि भुलीनेच रोगी दगावत. आता भूल हलकी देऊन स्नायू वेगळे शिथिल करता येऊ लागले. सर्जनांना हर्ष झाला. पण दोन गोष्टींनी लोकांना सावध केले. १९४७ साली अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करवून घेतला: भूल न घेता केवळ क्युरारे. पापणीही हलविता येईना, पण सारे ऐकू येत होते, वेदना जाणवत होती आणि नंतर सर्व काही आठवत होते. म्हणजे या औषधाने माणूस बेशुद्ध होत नाही. त्याला फक्त ‘मला दुखते आहे’ एवढे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. बीचर आणि टॉड यांनी १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेतील दहा रुग्णालयांत दिलेल्या ५,९९,५४८ भुलींचा हिशेब मांडून तो १९५४ साली छापला. स्नायू शिथिल करणारे औषध न वापरता २,१०० भुलींमागे भुलीमुळे एक मृत्यू; वापरले तर ३७० मागे एक. सुमारे सहापट! त्यांनी दोष औषधाच्या अंगभूत विषारीपणाला दिला. इतरांनी विचारले: रोग्याला श्वास पुरेसा दिला गेला होता का? औषधाचा अंमल पुरता उतरेपर्यंत कोणी जवळ थांबले होते का?

याचे उत्तर एका परीने कोपनहेगनमध्ये आधीच मिळाले होते. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे आणि मुले रोज दाखल होत. लोखंडी श्वसनपेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ब्योर्न इब्सेन हा भूलतज्ज्ञ पुढे आला. श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा ही शस्त्रक्रियागृहातली रीत त्याने वॉर्डात आणली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया तिथे घातला गेला. यंत्र नंतर आले. आधी पाळी होती, हात होते आणि जाग होती.

आता पुन्हा कुड्याकडे वळू. क्युरारे मोलाचे, पण त्यात दोष होते. त्याने रक्तदाब उतरे. जंगलातल्या वेलींवर अवलंबून राहावे लागे. क्युरारेचा रेणू स्टेरॉइड नव्हे, पण त्यातही ठराविक अंतरावर दोन नत्र आहेत हे कळले होते. १९६० साली फ्रान्सच्या जानो, लेने आणि गुतारेल यांनी काँगोतल्या एका झाडातून ‘मालुएटीन’ नावाचे अल्कलॉइड काढले आणि ते क्युरारेसारखे काम करते असे आढळले. ते झाड कुड्याच्याच कुळातले. आपली कण्हेर, चाफा, करवंद, सदाफुली याच गोतावळ्यातली. आणि मालुएटीनचा सांगाडा? कोनेसीनच्याच जातीचा: स्टेरॉइडाची ताठ फळी, दोन टोकांना दोन नत्र, फरक इतकाच की दोन्ही नत्रांवर कायमचा धन भार. कुड्याचा हा आफ्रिकेतला चुलतभाऊ. त्याने दाखवून दिले की स्टेरॉइडाच्या फळीने स्नायूंची वाट अडविता येते.

या वेळी स्कॉटलंडमधील लॅनर्कशर परगण्यात, न्यूहाउस येथे, ऑर्गेनॉन कंपनीची प्रयोगशाळा होती. ही कंपनी मूळची हॉलंडची. १९२३ साली ओस गावच्या एका मांसाच्या कारखान्यातून ती जन्माला आली. कत्तलखान्यात फेकून देण्याच्या ग्रंथींतून इन्शुलिन आणि मग संप्रेरके काढणे हा तिचा आरंभीचा धंदा. त्यामुळे स्टेरॉइडांची रसायनविद्या तिच्या हाताखालची. १९६४ साली हेवेट आणि सॅव्हेज या तिथल्या रसायनज्ञांनी पुरुषी संप्रेरकाच्या सांगाड्याच्या दोन्ही टोकांना नत्र बसविला, आणि प्रत्येक नत्राच्या शेजारी असा गट ठेवला की ते टोक अॅसिटिलकोलीनसारखे दिसावे. ग्राहीला चिठ्ठी वाटावी, पण आत मजकूर नसावा! हे झाले पॅनक्युरोनियम. संप्रेरकाचा गुण त्यात उरला नाही. १९६७ साली बेअर्ड आणि रीड यांनी ते रोग्यांवर वापरल्याचा वृत्तांत दिला. क्युरारेपेक्षा जोरकस, आणि रक्तदाब न उतरविणारे.

त्याचाही एक दोष होता: नाडी जलद होई. एका नत्रावरचा एकच मिथिल गट काढून टाकला आणि व्हेक्युरोनियम तयार झाले. हृदयाला त्याचा त्रास जवळजवळ नाही. हे पाण्यात टिकत नाही, म्हणून कुपीत भुकटी येते आणि आयत्या वेळी विरघळवावी लागते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग रोक्युरोनियम आले, १९९४पासून अमेरिकेत वापरात. सुमारे मिनिटभरात काम करणारे. १९९९ साली रापाक्युरोनियम आले, त्याहूनही चपळ. पण काही रोग्यांच्या श्वासनलिका आवळल्या जाऊ लागल्या आणि २००१ साली ते मागे घ्यावे लागले. फळीवरचा एखादा गट इकडचा तिकडे झाला की गुण पालटतो तो असा.

या कामात आपला देशही होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. चंदिगढच्या पंजाब विद्यापीठात प्राध्यापक हरकिशन सिंग आणि त्यांचे विद्यार्थी नत्रयुक्त स्टेरॉइडे बनवीत होते. त्यांनी निराळीच युक्ती केली. नत्र बाहेरून टांगण्याऐवजी सांगाड्याच्या शेवटच्या कड्यातच गुंफला. १९७०च्या दशकात तयार झालेल्या या औषधाला त्यांनी आपल्या गावावरून ‘चँडोनियम’ नाव दिले. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्राण्यांवर त्याची कसोटी लागली: अंमल लवकर चढणारे आणि लवकर उतरणारे. भारतात रोग्यांवरही ते पारखले गेले. परंतु पॅनक्युरोनियमइतकीच नाडी यानेही वाढे, म्हणून पुढे नेले गेले नाही. मी याला अपयश म्हणणार नाही. एका सरकारी विद्यापीठात, तुटपुंज्या साधनांनिशी, जगाच्या रांगेत बसेल असा रेणू घडला. शिवाय १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ कृतीवर पेटंट देण्याचे धोरण ठेवले, ते २००५ सालापर्यंत. वेगळ्या कृतीने तेच औषध स्वस्तात बनविण्याची वाट देशी कारखान्यांना त्यामुळे मोकळी झाली. आज व्हेक्युरोनियम आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

न्यूहाउसने आणखी एक कमाल केली. अंमल चढविणारी औषधे झाली. तो झटकन उतरवायचा कसा? तिथल्या अँटन बॉम यांनी पिष्टापासून मिळणाऱ्या एका कड्याच्या आकाराच्या रेणूत फेरफार करून अशी वाटी बनविली की रोक्युरोनियम तिच्यात जाऊन बसावे आणि कैद व्हावे. स्टेरॉइडाची तेलकट फळी वाटीच्या पोकळीत, आणि नत्राचा धन भार वाटीच्या काठावरच्या ऋण भारांनी धरलेला. हे सुगामाडेक्स. युरोपात त्याला २००८ साली परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१५ साली. पण मधल्या काळात काय झाले पाहा. २००७ साली ऑर्गेनॉन दुसऱ्या कंपनीने घेतली, २००९ साली ती कंपनी तिसरीने गिळली, आणि २०१० साली न्यूहाउसची संशोधनशाळा बंद करण्याचे जाहीर झाले. पॅनक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम आणि सुगामाडेक्स ज्या एका जागेने जगाला दिले, ती जागा हिशेबाच्या वहीत ‘जादा’ ठरली. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

आता या कथेची काळी बाजू. ७ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात पहिल्यांदा विषारी सुई देऊन मृत्युदंड अमलात आणला गेला. पुढे अनेक राज्यांत तीन औषधांची एकच रीत रुळली: आधी भुलीचे, मग पॅनक्युरोनियम, मग हृदय थांबविणारे पोटॅशियम. मधल्या औषधाचे काम काय? शरीर निश्चल दिसावे, हे. पहिली भूल अपुरी पडली असेल, तर माणूस आत जळत असेल आणि पाहणाऱ्यांना तो शांत झोपलेला दिसेल. स्कॉट स्मिथने स्वतःच्या देहावर जे सिद्ध केले होते, त्याचाच हा उलटा उपयोग. जनावराला दयामरण देताना भुलीच्या औषधात असे स्नायू लुळे करणारे द्रव्य मिसळणे अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने त्याज्य ठरविले आहे. तरीही २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्याची ही रीत घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. रेणू तोच. फरक इतकाच की शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभा असलेला माणूस श्वास देण्यासाठी उभा असतो.

आणि कधी कधी तिथे कोणीच उभे नसते. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात एका वृद्ध स्त्रीला तपासणीच्या यंत्रात घालायचे होते. बंद जागेची भीती वाटू नये म्हणून तिला चित्त शांत करणारे औषध लिहून दिले होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकी कपाटात नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. लिहिलेले औषध मिळेना, म्हणून यंत्राची अडवणूक बाजूस सारण्याची कळ तिने दाबली, आणि हाती व्हेक्युरोनियम आले. इशारे होते, भुकटी विरघळविताना थबकायला हवे होते, तिने ते केले नाही. सुई देऊन ती निघून गेली. ती स्त्री जागेपणी लुळी पडली आणि तिच्याजवळ कोणीही नव्हते. ती वाचली नाही. २०२२ साली न्यायालयाने परिचारिकेला गुन्हेगार ठरविले आणि तीन वर्षांच्या देखरेखीवर सोडले. निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर देशभरातून आलेल्या परिचारिका उभ्या होत्या.

मी युनियनचा माणूस. माझे मन कुणीकडे झुकेल हे आपण ताडले असेलच. परंतु मेलेल्या स्त्रीची बाजू सोडून मी बोलणार नाही. चूक घोर होती आणि ती हातून झाली ती एका व्यक्तीच्या. पण प्रश्न तिथे संपत नाही. तसले औषध त्या कपाटातून इतक्या सहज बाहेर का आले? सुई दिल्यावर रोग्याजवळ थांबणे हे कोणाच्या कामाच्या वेळापत्रकात होते? एका जीवाला श्वास देण्यासाठी एक जागता माणूस लागतो, हे गणित १८१४च्या गाढवीपासून बदललेले नाही. आता स्नायूत किती जोर परतला हे मोजणारी उपकरणे आहेत. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ साली ती वापरण्याची स्पष्ट शिफारस केली. पण उपकरणाने आकडा दाखविला तरी तो पाहणारे डोळे लागतात, आणि सलग दोन पाळ्या केलेले डोळे मिटू लागतात. मुंबईच्या कापडगिरणीत हे जितके खरे होते, तितकेच अतिदक्षता विभागात खरे आहे.

म्हणून आपल्या गावात नवे रुग्णालय उभे राहील तेव्हा इमारतीचे मजले आणि यंत्रांच्या किमती ऐकून घ्याच. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. रात्रीच्या पाळीत एका परिचारिकेकडे किती खाटा? आणि शस्त्रक्रिया संपल्यावर रोगी स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागेपर्यंत त्याच्या उशाशी कोण थांबते? हे विचारण्यास पदवी लागत नाही. नत्राचे दोन अणू फळीच्या कोणत्या टोकांना बसवायचे हे पंडित ठरवितात आणि त्यांनी ते उत्तम ठरविले आहे. उशाशी कोण बसेल हे मात्र आपण सर्वांनी ठरवायचे आहे. कारण आज ना उद्या त्या टेबलावर आपल्यापैकीच कोणीतरी असेल, आणि त्याला हाक मारता येणार नाही.